वाचून झालं तरी ऑरगॅनिक सुटत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ऑरगॅनिक केमिस्ट्रीची फायनल जवळ आलीय, नोट्स तीनदा वाचल्या, तरी प्रश्न समोर आला की हात चालत नाही. आता काय करू?’

चौथ्यांदा वाचू नका. वाचताना रिअ‍ॅक्शन ओळखीची वाटते, पण पेपरात ती कोऱ्या कागदावर काढायची असते. एक मेकॅनिझम, म्हणजे रिअ‍ॅक्शन पायरीपायरीने कशी घडते ते, बघा, वही मिटा आणि काढा. अडलं तर तेवढंच बघून पुन्हा पहिल्यापासून काढा. दुसऱ्या दिवशी न बघता जमली, तरच ती येते असं धरा.

मेकॅनिझममधला बाण इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवतो, म्हणून तो नेहमी इलेक्ट्रॉन असतात तिथून निघतो, म्हणजे लोन पेअरपासून (बंधात न अडकलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून) किंवा बंधापासून. एच प्लसकडे इलेक्ट्रॉनच नसतात, त्याच्यापासून बाण काढला, की पुढचं सगळं घसरतं. प्रत्येक पायरीला कार्बनचे बंध मोजा, चारच्या वर जाता कामा नयेत. एकूण चार्जही दोन्हीकडे सारखा हवा.

खरा घोळ होतो तो सबस्टिट्यूशन (एक गट जाऊन दुसरा बसणं) आणि एलिमिनेशनमध्ये (गट निघून दुहेरी बंध होणं), कारण मुलं आधी रिएजंट, म्हणजे वरून घातलेला पदार्थ, बघतात. आधी गट ज्यावरून सुटतो तो कार्बन बघा. टर्शरी (तीन कार्बनना जोडलेला) असेल तर एसएन२, म्हणजे एका पायरीत होणारं सबस्टिट्यूशन, बादच; न्यूक्लिओफाइलला (इलेक्ट्रॉनची जोडी देणाऱ्याला) मागून शिरायला जागा नसते. सेकंडरीवर (दोन कार्बनना जोडलेल्यावर) आयोडाइड किंवा अझाइड असेल तर एसएन२, पण इथॉक्साइडसारखा तीव्र बेस (प्रोटॉन उचलणारा) असेल तर ई२, म्हणजे एका पायरीत होणारं एलिमिनेशन, वरचढ ठरते. टर्शरी-ब्युटॉक्साइड इतका अवजड, की प्रायमरीवरही (एकाच कार्बनला जोडलेल्यावरही) तो बहुधा ई२च घडवतो.

पाठांतर कमीच करा, पण पीकेएचे (आकडा जितका लहान, तितकं आम्ल तीव्र) पाच ढोबळ आकडे तोंडपाठ हवेत: कार्बोक्सिलिक अ‍ॅसिड ५, फिनॉल १०, अल्कोहोल १६, टर्मिनल अल्काइन २५, अल्केन ५०. त्यांच्यावरून खूप काही उलगडतं. रेणूत ओएच असेल तर ग्रिन्यार रिएजंट (मॅग्नेशियमला जोडलेला कार्बन, म्हणून अतितीव्र बेस) कार्बोनिलपर्यंत (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधापर्यंत) पोचतच नाही, आधी ओएचचा प्रोटॉन उचलून संपतो. म्हणून तो ओएच आधी प्रोटेक्ट करावा, म्हणजे तात्पुरता झाकावा लागतो.

धडावार प्रश्न सोडवणं लवकर थांबवा. धड्याचं नावच निम्मं उत्तर सांगून टाकतं. जुन्या पेपरांतले प्रश्न मिसळा आणि घड्याळ लावून सोडवा.

सिंथेसिसचा (एका पदार्थापासून दुसरा बनवण्याचा) प्रश्न आला की आधी सुरुवातीच्या पदार्थाच्या आणि प्रॉडक्टच्या सांगाड्यातले, एकमेकांना जोडलेले कार्बन मोजा. वाढले असतील तर कार्बन-कार्बन बंध जोडणारी पायरी लागणारच. ती कुठे बसते ते प्रॉडक्टकडून मागे येत शोधा. पूर्ण मार्ग नाही सुचला, तरी सापडलेली शेवटची पायरी रिएजंटसकट लिहून ठेवा.