२४० अंशांचा हिशेब

भोसरीतल्या आमच्या डिझाइन ऑफिसात बाटल्या भरण्याच्या एका यंत्राचे काम चालू होते. जुन्या यंत्राच्या फिरत्या टेबलाला चार स्टेशने, म्हणजे थांबण्याच्या जागा, होती. चाकणच्या ग्राहकाला आता सहा हवी होती. टेबल टप्प्याटप्प्याने फिरवण्यासाठी जिनेव्हा यंत्रणा होती. तिच्यात सतत फिरणाऱ्या क्रँकवरची पिन खाचा असलेल्या चाकाला दर फेऱ्यात एक टप्पा पुढे ढकलते. त्या क्रँकच्याच शाफ्टवर कॅम, म्हणजे बाटली भरणारे नोझल खाली-वर करणारी खास आकाराची चकती, बसवलेला होता.

ग्राहकाला दाखवायचे अ‍ॅनिमेशन आमच्या नव्या सहकाऱ्याने तयार केले होते. टेबल ६० अंश फिरे, थांबे, नोझल उतरून वर जाई आणि टेबल पुन्हा फिरे. दिसायला ते सुबक होते, परंतु प्रत्येक भागाची हालचाल टाइमलाइनवर वेगवेगळ्या की (कोणत्या क्षणी भाग कुठे असेल याच्या खुणा) देऊन बसवलेली होती. अशा अ‍ॅनिमेशनमध्ये भाग आपण सांगू तेव्हाच हलतात. प्रत्यक्ष यंत्र काय करणार आहे, हे त्यातून कळत नाही. म्हणून मी त्याला सगळ्या की काढून मुख्य शाफ्टला एकच मोटर द्यायला सांगितले.

“मॅडम, मग पिन चाकाच्या आरपार जाते,” तो म्हणाला.

त्याचे म्हणणे बरोबर होते. सॉलिडवर्क्स या डिझाइन सॉफ्टवेअरच्या मोशन स्टडीत, म्हणजे हालचाल पाहण्याच्या सुविधेत, ‘अ‍ॅनिमेशन’ हा प्रकार निवडला, तर मेट, म्हणजे भागांच्या ठरवून दिलेल्या जोडण्या, पाळले जातात, मात्र एका भागाने दुसऱ्याला ढकलणे विचारात घेतले जात नाही. जिनेव्हामध्ये तर पिन खाचेत शिरून चाकाला ढकलते, आणि ती बाहेर पडल्यावर लॉकिंग डिस्क चाकाला जागीच धरून ठेवते. आम्ही ‘बेसिक मोशन’ निवडले, पिन, डिस्क आणि चाक यांच्यात कॉन्टॅक्ट (एकमेकांना टेकून ढकलण्याचा संबंध) दिला, नोझलच्या फॉलोअरला, म्हणजे कॅमवर टेकून चालणाऱ्या भागाला, कॅम मेट लावला आणि मोटर चालू केली.

टेबल फिरू लागले तेव्हा नोझल अजून बाटलीच्या गळ्यातच होते.

सहकाऱ्याला मेट चुकल्याची शंका आली, पण मेट ठीक होते. कॅम जुन्या यंत्राचा जसाच्या तसा घेतलेला होता. चार खाचांच्या जिनेव्हात क्रँकच्या एका फेऱ्यातले ९० अंश टेबल फिरते आणि २७० अंश थांबते. सहा खाचांच्या जिनेव्हात ते १२० अंश फिरते आणि २४० अंशच थांबते. नोझलचे उतरणे, थांबणे आणि वर येणे मात्र जुन्या हिशेबाने २७० अंशांत बसवलेले होते. टेबल थांबताच नोझल उतरू लागे, त्यामुळे जास्तीचे ३० अंश सगळेच्या सगळे वर येण्याच्या वाट्याला आले होते. जिनेव्हाची सुरुवात संथ असते. क्रँक पहिले १५ अंश फिरते तेव्हा टेबल जेमतेम १.३ अंश सरकते. तरीही ३०० मिलिमीटर त्रिज्येवरच्या बाटलीसाठी ते ७ मिलिमीटर होतात, आणि नोझलभोवती गळ्यात मोकळी जागा होती दोन्ही बाजूंना ३ मिलिमीटर. भाग एकमेकांत घुसतात का, याची तपासणी आधी झाली होती, परंतु ती नोझल पूर्ण वर आणि पूर्ण खाली असतानाची होती. दोष या दोन स्थितींच्या मधल्या प्रवासात होता.

कॅमचे रेखाचित्र त्याच संध्याकाळी वर्कशॉपकडे जाणार होते. ते मी थांबवले. नोझलचा खाली थांबण्याचा काळ कमी केला असता, तर बाटली पुरती भरली नसती. म्हणून तो तसाच ठेवून चढ-उतार कमी अंशांत बसवला. त्यामुळे प्रेशर अँगल, म्हणजे कॅमचा जोर फॉलोअरच्या चालीला जितका तिरका पडतो तो कोन, ३० अंशांच्या वर गेला. तो कमी करायला कॅमचे बेस सर्कल (मूळ वर्तुळ) वाढवावे लागले आणि फॉलोअरचा ब्रॅकेट वर सरकवावा लागला. दर बदलानंतर तोच मोशन स्टडी पुन्हा चालवता येत होता, ही एका मोटरवर सगळे बांधल्याची खरी मिळकत होती.

ग्राहकाला आम्ही आधी नोझल अडकते ते दाखवले आणि मग सुधारलेले चालवून दाखवले. त्यांच्या देखभाल विभागातले एक ज्येष्ठ गृहस्थ बराच वेळ गप्प बसून पाहत होते. शेवटी त्यांनी कोणता भाग कधी हलतो हे अंशांसह दाखवणाऱ्या टायमिंग डायग्रामची मोठी प्रत मागितली, कारण ती त्यांना यंत्राच्या पॅनेलच्या दारावर आतून लावायची होती.