वहिनींबरोबर रोमची पायवाट

रोमला पायी जायचं हे वहिनींनी ठरवलं. दादाला जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि २०२५ हे कॅथलिक चर्चचं ज्युबिली वर्ष, म्हणजे क्षमेचं आणि रोमच्या यात्रेचं खास वर्ष होतं. पोप फ्रान्सिस यांनी त्याचं घोषवाक्य दिलं होतं, 'आशेचे यात्रिक'. ते वाचून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, या आशेशी माझं भांडण आहे. ते मी तिथे जाऊनच भांडते." मला आधी चेष्टा वाटली. पण दुसऱ्या दिवशी बघतो तर चालायचे बूट आणि गुडघ्याचे पट्टे घरात हजर.

भांडणाला कारण होतं. दादाच्या आजारपणात भेटायला येणारा प्रत्येक जण उठताना 'आशा सोडू नका' म्हणायचा. म्हणजे काय करायचं, ते कुणी सांगायचं नाही. एका प्रार्थनासभेत तर एकाने तोंडावर सांगितलं, तुमचा विश्वास कमी पडतोय, नाहीतर एव्हाना गुण आला असता. वहिनी त्यानंतर त्या सभेला फिरकल्या नाहीत. चर्चमधली रविवारची उपासना, मिस्सा, मात्र कधी चुकवली नाही. मला हे कोडं वाटायचं. रागावलेला माणूस देवळाकडे पाठ फिरवतो, अशी माझी समजूत होती.

व्हिया फ्रांचिजेना ही इंग्लंडातल्या कँटरबरीहून रोमला येणारी जुनी यात्रेची वाट. तिथला आर्चबिशप सिगेरिक इ.स. ९९०च्या सुमारास रोमला गेला आणि परतीच्या वाटेवरचे मुक्काम त्याने लिहून ठेवले. आज खुणा आखलेली वाट त्या यादीवरूनच शोधली आहे. आम्ही फक्त शेवटचा तुकडा निवडला, व्हितेर्बो ते रोम. यात्रा पुरी केल्याचं प्रमाणपत्र हवं तर शेवटचे किमान १०० किलोमीटर पायी चालावे लागतात, आणि आमचे गुडघे पाहता तेवढंच पुष्कळ होतं.

व्हितेर्बोला पोपचा जुना राजवाडा आहे. १२६८ ते १२७१ अशी जवळजवळ तीन वर्षं इथे नव्या पोपची निवड रखडली होती. शेवटी वैतागलेल्या लोकांनी निवड करणाऱ्या धर्मगुरूंना, कार्डिनलांना, आत कोंडलं आणि छप्परही उतरवलं, असं सांगतात. वहिनींना हे फार आवडलं. "देवाच्या माणसांनाही ढकलावं लागतं तर."

व्हेत्राल्लाच्या पुढे वाट हेझलनटच्या बागांतून जाते. सप्टेंबर संपत आला होता, तोडणी उरकत आली होती. यंत्रं जमिनीवरचं फळ ओढून घेत होती आणि मागे धुळीचा लोट. आम्ही नाकाला रुमाल बांधून चालत होतो, बोलायची सोयच नव्हती. सुत्रीला अँफिथिएटर पाहिलं, आख्खं खडकात कोरलेलं, आणि त्याच्या जवळचं छोटं चर्चही. तेही खडकातलंच. भिंतीवरच्या जुन्या चित्रात यात्रेकरू आहेत. रंग उडालेत, चेहरे पुसट झालेत, पण चालणं कळतं.

सुत्री सोडल्यावर मी बायबलमधली एम्माऊसची गोष्ट काढली. लूकच्या चोविसाव्या अध्यायातली. येशूला क्रुसावर देऊन तिसरा दिवस. दोन शिष्य यरुशलेम सोडून निघालेत. वाटेत एक अनोळखी माणूस सोबतीला येतो आणि विचारतो, कसलं बोलणं चाललंय? ते थबकतात, तोंडं उतरलेली. म्हणतात, इस्राएलची सुटका करणारा हाच, अशी आम्हाला आशा होती.

"होती," वहिनी म्हणाल्या. "माझंही तसंच."

मग बराच वेळ आम्ही गप्प. चढ लागला होता. वर पोचल्यावर काठीला टेकून त्यांनीच विषय पुढे नेला. "पण भाऊजी, बघा, तो त्यांना रागवत नाही. म्हणजे रागावतो, मंदबुद्धी म्हणतो, पण सोडून जात नाही. ते उलट्या दिशेने चाललेत तरी हा त्यांच्याबरोबर तिकडेच चालतो."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. पण पायाला फोड आलेले असताना तिच्यातला एक भाग नव्याने दिसला. एम्माऊस यरुशलेमपासून साठ स्टेडिया, म्हणजे साधारण अकरा किलोमीटर. गावात पोचल्यावर ते दोघे पाहुण्याला आग्रह करतात, संध्याकाळ झाली, आता पुढे जाऊ नकोस. मग तो भाकर मोडतो, त्यांना ओळख पटते की हा तर येशूच, आणि तो दिसेनासा होतो. आणि जे दोघे नुकतंच 'उशीर झाला' म्हणत होते, ते त्याच घटकेला उठून यरुशलेमला परत निघतात. पुन्हा अकरा किलोमीटर, रात्रीचे. परिस्थिती काही बदलली नव्हती. रोमी सत्ता तिथेच होती, सुटका झालेली नव्हती, जो भेटला तोही आता समोर नव्हता. दिवसभर चालून मुक्कामाला टेकलेल्या माणसाला पुन्हा बूट घालायला लावून बघा, मग कळेल हे काय प्रकरण आहे.

ज्या आशेचा लोक आम्हाला डोस पाजत होते, ती खरं तर अंदाज होती. रिपोर्ट बरा येईल, औषध लागू पडेल. अंदाज बांधण्यात वाईट काही नाही, आम्हीही बांधले. पण ख्रिस्ती श्रद्धेतली आशा त्यावर उभी नाही. ती उभी आहे ती गुड फ्रायडेला सगळे अंदाज चुकल्यानंतर घडलेल्या गोष्टीवर, येशूच्या पुनरुत्थानावर. ते खरं मानलं तर मरणसुद्धा शेवटचं पान नाही. खरं नसेल तर, बायबलमधल्या पत्रात प्रेषित पौल स्वतःच करिंथकरांना लिहितो, आपण सगळ्यांत कीव करण्याजोगे ठरतो. मला त्याचा हा रोखठोकपणा आवडतो. गोड बोलून वेळ मारून नेणं त्याच्यात नाही. रोमकरांना लिहितानाही तो संकटापासून सुरुवात करतो. संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेलं मन, आणि त्यातून आशा. आशा शेवटी येते. ज्युबिलीच्या पोपपत्राचं शीर्षक, 'आशा लाजवीत नाही', याच उताऱ्यातलं आहे.

रोमच्या अलीकडचा शेवटचा मुक्काम ला स्तोर्ता. गाव सामान्य, रहदारी भरपूर. पण इथे एक छोटं चॅपल आहे. नोव्हेंबर १५३७ मध्ये जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला दोन साथीदारांसह रोमला जाताना इथे प्रार्थनेला थांबले. त्यांना जायचं होतं यरुशलेमला. १५३४ मध्ये पॅरिसला मित्रांसोबत तशी शपथ घेतली होती. व्हेनिसला जहाजाची वाट पाहत राहिले, पण तुर्कांशी युद्ध पेटलं आणि यात्रेकरूंचं जहाज सुटलंच नाही. मग दुसरा पर्याय म्हणून रोम. इथल्या प्रार्थनेत त्यांना क्रूस वाहणारा ख्रिस्त दिसला आणि शब्द ऐकू आले, मी रोममध्ये तुमच्यावर प्रसन्न असेन. यानंतर ते साथीदारांना काय म्हणाले? आपलं काय होईल माहीत नाही, कदाचित रोममध्ये आपल्याला क्रुसावरही देतील.

हे मी वहिनींना वाचून दाखवलं. त्या बाकावर बूट सैल करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "म्हणजे काय होणार ते सांगितलंच नाही. फक्त मी असेन एवढंच." थोड्या वेळाने, "शेवटच्या आठवड्यात हे मला म्हणायचे, तू इथेच बस. बरं वाटेल का, हे विचारायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं." दादाबद्दल इतकं बोललेलं मी त्यांच्या तोंडून वर्षभरात ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीचा काही भाग कासिया रस्त्याच्या कडेने. गाड्या अंगावरून जातात, त्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मग मोंते मारियोची टेकडी, आणि झाडांमधून एकदम सेंट पीटर्सचा घुमट. जुने यात्रेकरू या टेकडीला आनंदाचा डोंगर म्हणत. वहिनींनी क्रुसाची खूण केली आणि आधी पाण्याची बाटली मागितली.

खाली पिआत्सा पिया या चौकात ज्युबिलीच्या यात्रेकरूंच्या गटांना लाकडी क्रूस देत होते, तो आळीपाळीने वाहत सेंट पीटर्सच्या पवित्र द्वारापर्यंत, म्हणजे ज्युबिलीसाठी उघडलेल्या दारापर्यंत जायचं होतं. आम्ही एका गटात सामील झालो. द्वाराशी गर्दी, मोबाइल उंचावलेले, स्वयंसेवक पुढे सरका म्हणतायत. मला शांततेची अपेक्षा होती, ती काही मिळाली नाही. वहिनी दाराच्या चौकटीला हात लावून पुढे सरकल्या. फ्रान्सिस यांनी असंच एक द्वार २६ डिसेंबर २०२४ रोजी रोमच्या रेबिब्बिया तुरुंगात उघडलं होतं. मला ते दार जास्त पटतं. सुटकेची तारीख लांब असलेल्या माणसाला 'सगळं ठीक होईल' म्हणून चालत नाही, त्याच्याशी खरंच बोलावं लागतं.

परतीच्या आधी प्रिसिलाच्या भूमिगत दफनभूमीत गेलो. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी थडग्यांच्या फरशांवर नांगर कोरलेत, चार-पाच रेघांत, घाईघाईत काढल्यासारखे. ज्युबिलीच्या बोधचिन्हातही क्रुसाचं खालचं टोक नांगर होतं. इब्री लोकांस पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय, पण तो समुद्रात खाली जात नाही, मंदिरातल्या पडद्याच्या आत जातो, देवाजवळ, जिथे आपल्याला दिसत नाही. लाटा लागतातच, जहाज हलतंच.

"भांडण मिटलं का?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"अर्धं. उरलेलं त्यांना भेटल्यावर, आधी देवाला, मग तुमच्या दादांना." मग प्रमाणपत्राची गुंडाळी पिशवीत खोचत त्यांनी विचारलं, येशूच्या मरण-पुनरुत्थानाला दोन हजार वर्षं कधी होतात? मी म्हटलं, चर्च २०३३ धरतंय, पोपपत्रातही तसा उल्लेख आहे. त्यांनी बोटांवर हिशेब केला.

"तेव्हा मी एकाहत्तर. त्या वेळी आणखी मागून, सिएनाहून निघू. तुम्ही तेवढा तो डावा गुडघा दाखवून घ्या."