सनरूफ राहू दे

शोरूममधला पोरगा कौतुकाने टाटाच्या नेक्सॉन ईव्ही या इलेक्ट्रिक गाडीचं सनरूफ उघडून दाखवत होता. बाबा वर बघत म्हणाले, "आमच्याकडे चार महिने पाऊस. हे उघडायचं कधी?"

पोरगा हसला. मी नाही, कारण त्याच सनरूफवाल्या व्हेरियंटवर माझा जीव अडकला होता.

नेक्सॉन ईव्हीत बॅटऱ्या दोन, ३० आणि ४५ किलोवॉट-तासाची. मोठीची रेंज एका चार्जमध्ये ४८९ किलोमीटर. कागदावर! एसी लावून घाट चढल्यावर त्यातले किती उरतात, ते त्या पोरालाही नीट सांगता येईना. (उतरताना थोडी चार्ज होते म्हणे.)

मग बाबांनी विचारलं, "आणि लाईट गेली तर?"

३ जून २०२०, निसर्ग वादळ. दापोलीजवळच्या आमच्या वाडीत पंधरा-वीस दिवस अंधार. शेजारच्या काकांच्या जीपवर सगळ्यांचे फोन चार्ज होत होते.

पोरगा म्हणाला, "काका, या गाडीतून वीज बाहेरही घेता येते. पंखा, मिक्सर चालेल."

बाबा पहिल्यांदाच पुढे वाकले. "सनरूफ राहू दे. ते दाखव."

पण सगळ्यात खालच्या व्हेरियंटात ही वीज बाहेर घ्यायची सोय नाही. आणि किमतीतल्या फरकात पडवीची कौलं बदलून होतात, हा हिशोब बाबांनी घरी येईपर्यंत तीनदा ऐकवला.

घाटात चालवणारं आहे का कोणी इथे? खरी रेंज किती मिळते?