ल्हासाहून इराणला, व्हाया सोलापूर

रविवार, रात्री उशिरा

शेरलॉक होम्स सोलापूरला येऊन गेला, हे आज आमच्या फॅनफिकवाल्यांत, म्हणजे दुसऱ्या लेखकाची पात्रं घेऊन नव्या गोष्टी लिहिणाऱ्या मंडळींत, एकदाचं ठरलं. आता झोप लागणं अवघड आहे. डोक्यात सगळं ताजं आहे तोवर उतरवून ठेवते.

विषय निघाला तो होम्सच्या मधल्या तीन वर्षांवरून. १८९१ च्या मे महिन्यात तो रायखेनबाखच्या धबधब्यात पडून गेला, असं त्याचा मित्र डॉ. वॉटसन धरून चालतो. १८९४ च्या वसंतात तो लंडनमध्ये पुन्हा समोर उभा राहतो. मधल्या काळाचा हिशेब होम्स देतो खरा, पण किती? जेमतेम एक परिच्छेद. दोन वर्षं तिबेट, ल्हासाला मुख्य लामांची भेट, सिगरसन नावाच्या नॉर्वेजियन प्रवाशाचं सोंग. मग इराण, मक्का, खार्टूमचा खलिफा. आणि शेवटी फ्रान्सच्या दक्षिणेला माँपेलिए इथं एका प्रयोगशाळेत कोलटारपासून (दगडी कोळशाच्या डांबरापासून) निघणाऱ्या पदार्थांवर काही महिने काम. संपलं.

ल्हासाहून इराणला माणूस जाणार कुठून? डोंगर उतरला की खाली आपलाच मुलूख. त्याबद्दल कॉनन डॉयल अवाक्षर काढत नाहीत. लेखकानं अशी जागा मोकळी सोडली की माझ्यासारखीचा जीव तिथंच घुटमळतो. फॅनफिक लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाची अशी एक जागा असते असं मला वाटतं. कुणाला दोन पात्रांमधलं न बोललेलं काही दिसतं, कुणाला मेलेलं माणूस परत हवं असतं. मला न सांगितलेला प्रवास हवा असतो.

आमच्यातले रेल्वेतून निवृत्त झालेले काका मात्र अडून बसले. ‘कलकत्त्याहून मुंबईला जायचं तर जबलपूरची लाइन. १८७० पासून गाडी त्याच वाटेनं जायची. आपलं सोलापूर कुठं त्या वाटेवर? आपल्याकडं १८६० ला गाडी आली ती मुंबईकडून, अन् १८७१ ला पुढं रायचूरला मद्रासच्या लाइनीला जुळली. तुमचा होम्स वाट वाकडी करून इथं उतरला असेल तर त्याला तसंच कारण पाहिजे.’

मला त्यांचं हे अडणं फार आवडतं. गोष्टीतलं माणूस खोटं असलं तरी गाडी खरी असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. गेल्या उन्हाळ्यात मी वॉटसनला मुंबई बंदरात उतरवलं होतं (तो मूळ कादंबरीतही मुंबईलाच उतरतो, तिथून पुढं कंदाहारला जातो आणि १८८० साली मैवंदच्या लढाईत जखमी होतो), तेव्हा काकांनी जुन्या वेळापत्रकांविषयी इतकं सांगितलं होतं की त्यातून आणखी एक गोष्ट निघाली असती. आजही त्यांनी नकार देऊन आम्हाला गोष्टीचं बीजच दिलं. वाट वाकडी का केली?

यावर बराच वेळ नुसती चर्चा. सतरंजीवर ताटली फिरत होती, कडक भाकरीचे तुकडे आणि दह्यात कालवलेली शेंगाचटणी. नऊ वाजून गेले तरी गच्चीची फरशी गारठायचं नाव घेत नव्हती. कुणी म्हणालं खून, कुणी म्हणालं किल्ल्यातला खजिना. खजिना मला अजिबात नको होता. परका साहेब आला की खजिना निघतोच, ते वाचून कंटाळा आलाय.

मग साखर पेठेतली माझी मैत्रीण, इतका वेळ गप्प होती ती, म्हणाली, ‘कोलटारचे पदार्थ म्हणजे रंगच की गं.’

तिच्या घरात तीन पिढ्यांचं डाईंगचं काम. सुताच्या लडी, कढया, वाळत घातलेलं सूत यातच ती लहानाची मोठी झाली. तिनं जे सांगितलं ते पुस्तकातही आहे, पण तिच्या तोंडून ऐकताना वेगळं वाटलं. १८५६ साली विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा लंडनमध्ये क्विनीन बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग, कोलटारमधून. मग १८६८-६९ च्या सुमारास जर्मनीत मंजिष्ठाच्या मुळातला लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला, तोही कोलटारमधूनच. आपल्याकडं दख्खनमध्ये आल नावाच्या झाडाच्या मुळांतून लाल रंग काढायचे. मुळं खणायची, कुटायची, सूत दिवसच्या दिवस भिजवायचं. आणि तिकडून पुडीत बांधलेला लाल रंग येऊन पडायला लागला. ‘आमच्या ताताच्या बापाच्या वेळची गोष्ट आहे ही,’ ती म्हणाली. तेलुगूत आजोबांना ताता. ‘पुडीचा रंग का मुळाचा रंग, यावरून बाजारात भांडणं व्हायची म्हणे. मुळाचा म्हणून पुडीचा विकायचे.’

मी वही उघडलीच. म्हणजे होम्स १८९३ मध्ये इथं येतो, जुनी मिल सुरू आहे, पेठांमधून हातमाग चालू आहेत, आणि एका रंगाऱ्यावर आळ आलाय की त्यानं पक्का म्हणून कच्चा रंग विकला. आणि इथून गेल्यावर हा माणूस फ्रान्सला जाऊन नेमका कोलटारच्याच पदार्थांवर का बसतो, याचं उत्तर डॉयल देत नाहीत. ते आमच्या साखर पेठेत आहे! कॉलेजातली आमची धाकटी टाळी देऊन म्हणाली, ‘ताई, हे आता माझं हेडकॅनन. हे खोटं आहे असं मला कुणीही सांगायचं नाही.’

या धाकटीबद्दल लिहिलंच पाहिजे. ती जपानी ॲनिमेवर लिहिते. तिची पात्रं आम्हाला ओळखू येत नाहीत आणि आमची तिला आधी येत नव्हती, तरी ती दर वेळी येते. कॅनन (मूळ गोष्टीत असलेलं), एयू (पात्रं तीच, जग वेगळं), फ्लफ (गोड गोष्ट), अँग्स्ट (दुःखाची गोष्ट), फिक्स-इट (मूळ गोष्टीत बिघडलेलं सुधारणारी), बीटा (लिहिलेलं आधी वाचून चुका काढणारा) हे सगळे शब्द आम्हाला तिनं दिले. काका आता बिनदिक्कत विचारतात, ‘याचं बीटा कोण करणार?’ एओथ्री या फॅनफिकच्या संकेतस्थळाविषयी ती बोलायला लागली की डोळे चमकतात. कुणी कंपनी नाही, जाहिराती नाहीत, वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांनीच वर्गणी काढून, स्वतः राबून ते संकेतस्थळ उभं केलं. २००९ साली ते सगळ्यांसाठी खुलं झालं आणि २०१९ साली त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. विज्ञानकथेच्या जगातला एवढा मोठा मान, आणि तो फुकट लिहिणाऱ्या लाखो अनोळखी माणसांच्या घराला. ती हे सांगते तेव्हा मला तिचा अभिमान वाटतो, ते घर तिचंही आहे म्हणून.

तिच्या धाकट्या भावाला होम्स नको, फास्टर फेणे हवा. फुरसुंगीचा बनेश गड्ड्याच्या जत्रेत आलाय, गर्दीत काहीतरी घडतं आणि ‘ट्टॉक’! आज त्यानं दोन पानं वाचून दाखवली. भा. रा. भागवतांचं लेखन आपल्या कायद्यानं २०६१ अखेरपर्यंत हक्कांत आहे, त्यामुळे हे आपल्यातच ठेवायचं, बाहेर कुठं छापायचं नाही आणि कधीही विकायचं नाही, हे त्याला मी नीट समजावलं. डॉयल १९३० साली गेले, त्यांच्या होम्सवर आता कुणाचा हक्क उरलेला नाही. पण मला विचाराल तर कायद्यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्या पोराचा फेणे खरोखर फेणेसारखा वागतो. तो घाबरतो आणि तरी पुढं होतो. एवढं ज्याला कळलं त्यानं पुस्तक प्रेमानं वाचलंय.

आमच्यातल्या बाईंचं आजचं लिखाण मात्र मी विसरू शकणार नाही.

आमच्यात एक प्रथा आहे: महिन्यातून एकदा सगळ्यांनी शंभर शब्दांत लिहायचं, एक शब्द इकडं नाही की तिकडं नाही. धाकटी त्याला ड्रॅबल म्हणते. आज विषय होता मेरी, वॉटसनची बायको. होम्स नाहीसा असताना ती कधीतरी वारली. कशानं, कधी, काही कळत नाही. होम्स परतल्याच्या गोष्टीत वॉटसन आपल्या दुःखद वियोगाचा नुसता ओझरता उल्लेख करतो आणि होम्सनं त्याबद्दलची सहानुभूती शब्दांतून नव्हे तर वागण्यातून दाखवली असं सांगतो. बाकी काही नाही. बाई चाळीसेक वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, त्यांचे यजमान, सर, जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांनी लिहिलं ते असं: मेरी दुपारी जाते. संध्याकाळी शेजारचा माणूस खोकणारं मूल घेऊन दार वाजवतो, त्याला काही ठाऊक नसतं. वॉटसन मुलाला तपासतो, औषध देतो, पैसे घेत नाही. रोग्यांच्या वहीत मुलाचं नाव लिहितो, तारीख घालतो. आणि त्याच तारखेखाली मेरीचं नाव लिहायला त्याला सकाळ होते.

कुणी लगेच बोललं नाही. आमच्यात नुसतं ‘छान’ म्हणायचं नाही असा नियम आहे. कुठल्या वाक्याशी थांबलात ते सांगायचं. काकांनी सांगितलं, ‘पैसे घेत नाही, तिथं.’ मी तारखेशी थांबले. बाई म्हणाल्या, मला हे माझ्या नावानं लिहिता आलं नसतं, वॉटसननं लिहू दिलं.

फॅनफिक म्हणजे उसनं लिखाण असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या वेळी तिथं असायला हवं होतं. उसनं घेतलं होतं ते फक्त नाव.

निघता निघता बाईंनी नाझऱ्याच्या श्रीधरस्वामींची आठवण काढली. आपल्याच जिल्ह्यातले, सांगोल्याजवळचे. राम, कृष्ण, पांडव यांच्या ऐकून पाठ असलेल्या कथा त्यांनी पुन्हा ओवीत आणल्या, आणि माणसं त्या पुन्हा ऐकायला बसली. भक्तीच्या ग्रंथांशी आमच्या खेळाची बरोबरी मी करणार नाही, बाईंनीही केली नाही. पण पुढं काय होणार हे ठाऊक असलेल्या श्रोत्यासमोर गोष्ट सांगायची, यातली मजा काय असते हे आपल्या भागाला चांगलं माहीत आहे, एवढं खरं.

आणि होम्सवरची एक अगदी सुरुवातीची फॅनफिक चक्क डॉयल यांच्या मित्रानं लिहिली होती! जे. एम. बॅरी आणि डॉयल यांनी मिळून एक संगीतिका लिहिली, १८९३ साली ती रंगभूमीवर आली आणि साफ पडली. तेव्हा बॅरींनी आपल्या एका पुस्तकाच्या कोऱ्या पानांवर एक छोटी होम्सकथा लिहून ते पुस्तक डॉयल यांना पाठवलं. त्यात नाटक पडलेले दोन लेखक होम्सकडे येतात. डॉयल यांनी ती जपून ठेवली आणि पुढं आपल्या आठवणींच्या पुस्तकात छापली. होम्सला मूळ गोष्टीत मारलं तेही त्याच १८९३ सालाच्या शेवटी. हे मी आज सगळ्यांना सांगितलं. पडलेल्या मित्राला हसवायला कुणीतरी त्याच्याच पात्राची गोष्ट लिहितं, यापेक्षा चांगली सुरुवात या छंदाला कुठली मिळणार होती?

सगळे गेल्यावर मैत्रीण जिन्यात थांबली. तिला काहीतरी खुपत होतं.

‘तुझा होम्स येणार, आमच्या माणसावरचा आळ काढणार, असंच ना?’

मी हो म्हणाले.

‘रंग ओळखायला रंगाऱ्याला साहेब कशाला पाहिजे गं? ताता नुसतं सूत पिळून, वास घेऊन सांगायचा कुठला रंग आहे ते.’

तिथंच जिन्यात आम्ही अर्धा तास बोललो. खाली रस्त्यावर कुल्फीवाला परत चालला होता, त्यालाही थांबवलं. बोलता बोलता गोष्टच उलटी झाली. होम्स सोडवायला येत नाही, शिकायला येतो. वॉटसननं लिहून ठेवलंय की होम्सचे हात कायम शाईनं आणि रसायनांनी डागाळलेले असत. पहिल्या भेटीतही तो रक्त ओळखणारं द्रावण सापडल्याच्या आनंदात असतो. मग रंगारी सगळ्यात आधी काय बघणार? हात. नॉर्वेजियन प्रवाशाचे हात असे नसतात, हे त्या म्हाताऱ्याला एका नजरेत कळतं. आजवर जो लोकांच्या हातांवरून त्यांचा धंदा ओळखत आला, त्याचा धंदा साखर पेठेतला एक रंगारी ओळखतो. आणि आळ? तो रंगाऱ्याची बायको खोडून काढते, भर बाजारात, दोन्ही लडी एकाच पाण्यात बुडवून. होम्स मागं उभा राहून बघतो. जे तिला हातानं कळलं ते आपल्याला रसायनातून का कळत नाही, हा प्रश्न घेऊन तो पुढं माँपेलिएला जातो.

आता मला कळतंय की अशीच गोष्ट मला पहिल्यापासून लिहायची होती. कुणाच्या गोष्टीत भर घालायची तर मूळ माणसाला छोटं करून नाही आणि आपल्या माणसाला गरीब बिचारा करूनही नाही. होम्सचं कुतूहल हाच त्याचा सगळ्यात चांगला गुण आहे, तो इथं त्याला पुरेपूर वापरू द्यायचा.

मघाशी तिचा मेसेज आला. म्हातारा घरात तेलुगू बोलेल, बाजारात मराठी, आणि कानडी गिऱ्हाइकाशी कानडी. होम्सला यातलं किती समजतं ते आधी ठरव, नाहीतर संवाद फसतील. बरोबर आहे तिचं. मी तिलाच बीटा व्हायला सांगितलंय, रंगाच्या कामातलं एकही वाक्य तिनं पास केल्याशिवाय गोष्टीत राहणार नाही. काकांना उद्या सकाळी फोन करायचा: मुंबईकडून येणारी मेल १८९३ मध्ये सोलापूरला साधारण कुठल्या वेळेला पोचत असेल. उजेड असेल तर पहिलं दृश्य फलाटावर, अंधार असेल तर सरळ पेठेत.