चंद्राक्षरं उमटली एकदाची, पण कागदानं घाम काढला

उमटली! रविवारी संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर, खिडक्यांना सोलापुरी चादरी लावून केलेल्या अंधारात, पोरांबरोबर केलेल्या नकाशावरची न दिसणाऱ्या शाईतली ओळ निळीशार उजळली. पोरं अशी ओरडली की खालच्या मजल्यावरून सासूबाई वर आल्या. मग त्यांनाही बॅटरी मारून दाखवली. "एवढ्यासाठी दोन महिने घर चहाच्या चोथ्यानं भरलंय होय?" म्हणाल्या.

आधीच्या नोंदी वाचणाऱ्यांना माहीत आहे, आमची गाडी टोल्किनच्या 'हॉबिट' या कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात अडकली होती. जाणता एल्रॉन्ड बुटक्यांच्या (ड्वार्फ लोकांच्या) राजाचा, थ्रोरचा, नकाशा चंद्रापुढे धरतो आणि लपलेली अक्षरं वाचतो, तो प्रसंग. लिंबाचा रस आणि इस्त्री, सोडा आणि हळदीचं पाणी, हे दोन्ही प्रकार करून झाले होते. दोन्ही दिसायला झकास, पण पोरांनी एकमतानं बाद केले. पुस्तकात ती अक्षरं चंद्राच्याच उजेडात दिसतात. तीसुद्धा लिहिताना होती तशीच कोर आणि तोच ऋतू असेल तर. "काकू, इस्त्री म्हंजे चंद्र व्हय?" असं आमच्यातल्या सातवीतल्या पोरीनं, म्हणजे बाईसाहेबांनी, विचारल्यावर बोलणंच खुंटलं. म्हणजे उजेडानंच दिसणारी शाई हवी, आणि त्यासाठी नोटा तपासायची अतिनील बॅटरी.

तत्त्व सोपं आहे. कपडे धुवायच्या बहुतेक लिक्विडांत शुभ्रक असतं. ते अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं, म्हणून शर्ट 'जास्त पांढरे' दिसतात. लिक्विड पातळ करायचं, बारीक ब्रशनं लिहायचं, वाळू द्यायचं. नुसत्या डोळ्यांना काही नाही, बॅटरी मारली की अक्षरं.

आमचा अख्खा कागदच पेटला! झेरॉक्सचा कागद, चित्रकलेच्या वहीचा कागद, एका मित्रानं दिलेला भारीतला जाड कार्ट्रिज कागद, सगळ्यांत कारखान्यातच शुभ्रक घातलेलं. चमकत्या कागदावर चमकती शाई, दिसणार काय? चहाच्या पाण्यात बुडवून बघितला. चमक कमी झाली, पण जिथं चहा नीट बसला नाही तिथं चट्टे. नकाशाला गोवर आल्यासारखा दिसत होता.

त्यात बॅटरीची भर. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्तातल्या बॅटऱ्या बहुधा ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या असतात. त्यांचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका की अक्षरं त्यात बुडून जातात. ३६५ची घ्या. महाग पडते, पण हा खर्च टाळू नका. लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानदारानं मला मागवून दिली. मुलांच्या हातात देताना मात्र कुणाच्या डोळ्यांवर मारायची नाही, हा नियम आधी.

मग एका छापखान्यातून न्यूजप्रिंटचे कोरे ताव आणले. त्यात सहसा शुभ्रक नसतं. बॅटरीखाली कागद काळोखा राहिला, मी मनातल्या मनात नाचले. आणि पहिलंच अक्षर फुटलं. 'क'ची नुसती ढगाळ वाटी झाली. साबणाचं कामच पाण्याला धाग्यांत शिरायला मदत करणं, त्यात न्यूजप्रिंट मुळातच शोषणारा. ब्रश बदलला, शाई घट्ट केली, पातळ केली. फुटायचं ते फुटलंच.

उपाय आला आमच्या एका पोराच्या आजोबांकडून. ते मोडी वाचतात, जुने कागद हाताळलेले आहेत. म्हणाले, "अहो, जुना कागद खळ लावून घोटायचे. म्हणून तर बोरू सरसर चालायचा." तांदळाची पातळ खळ दोन्ही बाजूंनी लावली, सावलीत वाळवली आणि मुलांना स्टीलच्या वाटीच्या बुडानं घोटायला बसवलं. (तयार स्टार्च नको, त्यातही शुभ्रक निघू शकतं.) शाईत डिंकाच्या पाण्याचे चार थेंब. झालं! कडा स्वच्छ, कागदाला हलकी तकाकी, वर आपोआप जुनाट रंग.

आजोबा आलेच होते, तर ओळ मोडीतच लिहायची ठरली. टोल्किननंही बुटक्यांच्या नकाशासाठी इंग्लंडातली जुनी रून लिपी वापरलीच होती. पण मोडीत आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग अक्षरं तिला लटकवत जायचं. आता शाईच दिसत नाही, तर रेघ कुठली दिसायला? सगळे डोकं खाजवत बसलो. तेवढ्यात बाईसाहेब म्हणाल्या, "मी रेघ साध्या शाईनंच मारतो की. ती नदी हाय म्हणायचं." नाद खुळा! नकाशावरच्या नदीखाली मोडी लपलीये, आणि बॅटरी लावेपर्यंत ती नुसती नदी आहे. या एका कल्पनेसाठी मी चहाचे सगळे डाग माफ केले.

पुस्तकातल्या त्या लपलेल्या अक्षरांत 'ड्युरिनच्या दिवसा'चा उल्लेख आहे, म्हणून भाषेच्या तासाला 'ड्युरिनचा दिवस कधी?' हे कोडं दिलं होतं. पुस्तकातला तपशील असा: शरदातल्या शेवटच्या चांद्रमासाचा पहिला दिवस, बुटक्यांचं नववर्ष, आणि मावळता सूर्य व चंद्र एकाच वेळी आभाळात. मुलांनी भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, शेवटचा कार्तिक, त्याचा पहिला दिवस शुद्ध प्रतिपदा. "दिवाळीचा पाडवा!" आणि शेजारच्या गुजराती काकांचं नववर्षही त्याच दिवशी. आता वाद पेटलाय, कारण प्रतिपदेचा चंद्र सूर्याच्या इतका जवळ असतो की सहसा दिसतच नाही. एक गट भाऊबीजेची कोर धरा म्हणतो. दुसऱ्या गटाचं म्हणणं, न दिसणं हीच तर बुटक्यांची अडचण होती. दोन्ही गटांना आपापली बाजू एका पानात लिहून आणायला सांगितलंय. एरवी निबंध म्हटलं की पोट दुखणारी पोरं पुरवणी मागतायत.

हे लिहिता लिहिता डोक्यात दुसरंच शिजतंय. टोल्किनला मुळात ही अक्षरं नकाशाच्या मागच्या बाजूला उलटी छापून हवी होती, म्हणजे पान उजेडासमोर धरलं की ती समोरून सुलटी दिसतील. प्रकाशकानं ते केलं नाही. १९३७च्या आवृत्तीत नकाशा बांधणीच्या आतल्या पानावर गेला आणि अक्षरं समोरूनच छापली गेली. मग आपण का करू नये? घोटलेला न्यूजप्रिंट पातळच आहे. बॅटरी नको, शुभ्रक नको, मागून साध्या काळ्या शाईनं उलटी मोडी. नुसतं ठेवलं तरी मागची शाई पुढे जाणवते का, हे बघावं लागेल. जाणवलीच, तर तिच्यावर समोरून डोंगराची रेघोटी काढता येईल.

त्यामुळे स्मॉगचा, म्हणजे पुस्तकातल्या ड्रॅगनचा, कागदाच्या लगद्याचा मुखवटा तूर्त मागे. दिवाळीआधी उलटा नकाशा पुरा करायचा आणि भाऊबीजेला सूर्य बुडताना रंकाळ्यावर पश्चिमेकडे धरायचा. पाडवा-गटाला आदल्या दिवशी वेगळं न्यावं लागणार, ते काही ऐकत नाहीत. उलटी मोडी मुलांकडून कुणी लिहून घेतली असेल तर सांगा: आधी सुलटी लिहून काचेवर गिरवून घेतलीत, की थेट आरशात बघून? आणि शून्य नंबरचा ब्रश सोडून दुसरं काय वापरता? माझ्याकडच्यांचे केस आत्ताच गळायला लागलेत.