तुम्ही विचारलंत म्हणून: ही शाळा कुणासाठी?

"बाई, आपल्या मराठी शाळेत ख्रिस्ती मुलं उरलीत किती? मग चर्चने ती चालवायची कशाला?" वसईत रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटली की पायरीवर कुणी ना कुणी मला गाठतंच. विचारणारे निम्मे माझेच विद्यार्थी. त्यांची मुलं शेजारच्या, आपल्याच इंग्रजी शाळेत.

माझं उत्तर पाठ आहे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, शिक्षणावर घोषणापत्र काढलं. कॅथलिक शाळेने आधी कुणाकडे बघावं? गरीब, घरच्या मायेला पारखे आणि आपल्या श्रद्धेबाहेरचे. मग वाडीवर मजुरीला येणाऱ्या आदिवासी बाईची मुलगी बाकावर बसली की शाळा जास्त कॅथलिक होते, कमी नाही. (धर्मांतराची शंका असेल त्यांनी आमच्या नीतिशिक्षणाच्या तासाला येऊन बसावं. झोप येईल.)

हे बोलायला सोपं आहे.

२०१६ चा मे. पट घसरलेला, संचमान्यतेत (पटावरून सरकार शिक्षकांची पदं ठरवतं त्यात) तुकडी जाणार म्हणून आम्ही दारोदार फिरत होतो. एका चाळीत रिक्षावाल्याच्या बायकोने बसवलं, कोकम सरबत दिलं. मी मातृभाषेवर बोलले, छान बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुमची मुलगी कुठल्या शाळेत शिकली?"

सांगितलं. खोटं बोलता आलं नाही.

"मग तुमची नोकरी टिकवायला माझा पोरगा कशाला?"

सासूबाईंचा आग्रह होता, नवऱ्याचा हट्ट होता, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. फॉर्म आणायला रांगेत मीच उभी होते.

जूनमध्ये तो मुलगा आमच्याकडे आलाच. माझं भाषण पटलं म्हणून नाही, शेजारची फी झेपली नाही म्हणून. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांना गरिबांसाठी २५ टक्के जागा राखाव्या लागतात, तिथे ते बंधन नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना त्या कायद्यातून वगळलं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे मी वाटले होते. आपला हक्क राखला, म्हणून. त्या मीला आज काय सांगू? हक्क महत्त्वाचा आहे, हे मी आजही म्हणते. पण पेढे?

निवृत्त होताना फादरांना म्हटलं, कायदा नसू दे, इंग्रजी शाळेत गरिबांसाठी दहा जागा तरी ठेवा.

"ठेवतो," ते म्हणाले. "मग मराठीचा पट कुठून भरायचा, बाई?"