डी वजा सव्वीस

दहावीच्या बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा. तो सुटला की गडग्यापाशी मुलांचा जो बाजार भरतो, त्यात पायऱ्या कोणी विचारत नाही. "तुझा काय इला?" एवढंच. यंदा देवगड तालुक्यातल्या एका केंद्राबाहेर दोन मुली रडकुंडीला आल्या होत्या.

"सर, हिचो डी वजा इलो, माझो अधिक. कोणाचो चुकलो?"

प्रश्न क्रेमरच्या पद्धतीचा. दोन समीकरणांतले क्ष-यचे सहगुणक चौकोनात मांडायचे, डावीकडून उतरणाऱ्या कर्णाच्या गुणाकारातून दुसऱ्या कर्णाचा गुणाकार वजा करायचा; हा निश्चयक, म्हणजे डी. क्षच्या किंवा यच्या सहगुणकांच्या जागी स्थिरपदं, म्हणजे नुसत्या संख्या, घातल्या की डी-क्ष आणि डी-य. त्यांना डीने भागलं की क्ष आणि य. संख्या बदलून लिहितो: ५क्ष + ३य − ११ = ० आणि २क्ष = ४य − ६. आधी स्थिरपद उजवीकडे न्यायचं: ५क्ष + ३य = ११, २क्ष − ४य = −६. मग डी = −२० − ६ = −२६; डी-क्ष = −४४ + १८ = −२६; डी-य = −३० − २२ = −५२. भागाकार केले की क्ष १, य २. दुसरीने २क्षचं समीकरण वर लिहिलं, ५क्षचं खाली. ओळींची अदलाबदल झाली की निश्चयकाचं चिन्ह उलटतं, पण तिन्ही निश्चयकांचं एकदमच. तिचे २६, २६ आणि ५२. उत्तर तेच. दोघींचंही पूर्ण बरोबर. हे वर्गात पाच मिनिटांत दाखवता येतं, पण 'महत्त्वाचे प्रश्न' पाठ करून घेण्याच्या नादात ते राहून जातं. निकालात कोकण मंडळ राज्यात पहिलं येतं, याचा तोरा आम्ही मास्तर फार मिरवतो.

मुली निवळल्या. बाजूला एक मुलगा मिठाला लावून कैरी खात निवांत उभा होता. "माझा एक नि दोन जुळला." त्याला मी सहज वहीच्या मागच्या पानावर सोडवायला सांगितलं, आणि तिथेच फसलो.

त्याने स्थिरपद उजवीकडे नेलंच नव्हतं. दुसरं समीकरणही २क्ष − ४य + ६ = ० असं मांडून डाव्या बाजूचे −११ आणि ६ जसेच्या तसे निश्चयकात. ही नेहमीची चूक: समीकरण 'बरोबर शून्य' या रूपात दिलेलं असतं, सूत्रातलं सी, म्हणजे स्थिरपद, मात्र उजव्या बाजूचं. एरवी याने उत्तर −१ आणि −२ येतं, मुलगा "फक्त चिन्ह चुकलं" म्हणतो आणि गुण जातात. पण या पठ्ठ्याने डी काढताना उलट्या कर्णाने सुरुवात केली: ३ × २ − ५ × (−४) = २६. डी-क्ष आणि डी-य मात्र सरळ कर्णाने, ४४ − १८ = २६ आणि ३० + २२ = ५२. एका चुकीने वरची दोन्ही चिन्हं फिरवली, दुसरीने खालचं. क्ष १, य २. वर त्याने ताळाही करून पाहिला होता, मूळ समीकरणात किमती घालून. ताळा बसला. बसणारच.

तिन्ही निश्चयकांच्या किमती दुसऱ्या मुलीशी तंतोतंत जुळत होत्या. म्हणजे घाईतला परीक्षक संख्या बघून तीनपैकी तीन देईल. मांडणी वाचणारा स्थिरपदाशीच थांबेल. पायऱ्यांना गुण असतात हे आम्ही मुलांना दिलासा म्हणून सांगतो, उत्तर चुकलं तरी काहीतरी मिळेल अशा अर्थाने. उत्तर बरोबर असून पायरी चुकली तर काय, हे कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. आणि मी तपासनीस असतो तर? अजून ठरत नाही. दोन म्हणतो, मग वाटतं दीड.

दोन दिवसांवर भूमिती होती. मी वही मिटली.

"कंस खोडू नको हां रचनेत," म्हटलं. "रचनेच्या खुणा पुसल्या तर गुण जातात."

"होय सर," म्हणाला, आणि उरलेली कैरी माझ्यापुढे केली.